किलोमागे किती कोळसा

“हॅलो?... हो, पुरवठा विभागच... अगं ताई! ऑफिसच्या नंबरवर कशाला केलास?... बरं, बरं, बोल.”

तिनं पेन खाली ठेवलं. सकाळपासूनचा हा एकेचाळिसावा फोन. घसा पार बसला होता. तिची कंपनी टॉवेल विकायची. दोरा, रंग, खोकी, ट्रक, सगळ्यांचा मिळून होणारा धूर तीन वर्षांत निम्म्यावर आणू, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. आणि सेहेचाळीस पुरवठादारांच्या मागे लागून आकडे गोळा करायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. त्या सेहेचाळिसांतला एक कारखाना तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा. ताई आणि भाऊजी दोरा रंगवून द्यायचे.

“मिळालं ना पत्र?... हो, मीच पाठवलं... मुद्दाम नाही गं. सगळ्यांनाच... बरं, सगळ्यांना नाही. पाच जणांना... अगं ऐक ना! काम बंद करतोय असं कुठे लिहिलंय? ‘बंद होऊ शकतं’ असं लिहिलंय... हो. एकच झालं ते. कळतं मला.”

“तुझा आकडाच तसा आहे ताई. किलोभर दोऱ्यामागे तू जेवढा कोळसा जाळतेस ना, तेवढा सेहेचाळिसांत कुणी जाळत नाही... भाऊजींना म्हणावं जरा हळू. त्यांचं ओरडणं मला इथं फोनशिवायही ऐकू येईल.”

“काय लिहू?... कोळशाऐवजी लाकडाचा भुसा?... ताई, तुझ्या बॉयलरसमोर उभी राहून कोळशानं साडी काळी करून घेतलीय मी... नाही. नाही म्हटलं ना. उद्या कुणी तपासायला आलं तर तूही जाशील नि मीही... बहीण आहेस म्हणूनच नाही लिहिणार... हो, अकरा बायका आहेत तुझ्याकडे कामाला. मला काय गाढ झोप लागते असं वाटतं तुला?”

ताई आता एका दमात बोलत सुटली होती. इकडे ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणजे, कानावर घेत होती. आणि मग एकदम ताठ बसली.

“थांब, थांब. पुन्हा सांग... तांबडा? तो जाड टॉवेलांचा?... एकच दोरा तीनदा रंगवलास?... का पण?... आमच्या पत्रांवरून?”

फोन खांद्यात धरून तिनं कपाटातली फाइल ओढली.

“वाच तू, मी बघते... ‘रंग थोडा गडद करावा.’ हो, आहे... ‘पुन्हा पहिल्यासारखा करावा.’ आहे... हो, दिसतेय ना सही... कुणाची काय, माझीच.”

तिला ते दोन्ही दिवस आठवले. साहेबांनी नमुना दिव्याखाली धरला, नाक मुरडलं, आणि तिनं दोन ओळी लिहून सही ठोकली. मिनिटभराचं काम. त्या दोन ओळींसाठी तिकडे दोन-दोन दिवस बॉयलर पेटत राहिला होता.

“तेव्हाच का नाही बोललीस?... मोठं गिऱ्हाईक? अगं, मी कधीपासून तुझं गिऱ्हाईक झाले?... नाही, रागावले नाही. रागवायला अंगात जोर लागतो... एवढंच सांग, वर्षभरात असं परत रंगवण्यात किती कोळसा गेला? भाऊजींची वही असेल ना?... थांबते मी.”

भाऊजींची वही सापडेपर्यंत तिनं गार झालेला चहा पिऊन टाकला.

“हं... हं... म्हणजे तिसरा हिस्सा! वर्षाच्या कोळशातला तिसरा हिस्सा नुसता आमच्या लहरीपायी... हो, लिहितेय. कारणाच्या रकान्यात. ऐक, ‘खरेदीदाराने रंग वारंवार बदलल्यामुळे.’ आणि खाली माझं नाव, दोन्ही पत्रांच्या तारखा... असू दे गं. खरं आहे ते... फोन ठेवू नकोस, साहेबांना दाखवून येते... तू नको घाबरू. मी घाबरलेय तेवढं पुरे दोघींना.”

रिसीव्हर टेबलावर तसाच पडून राहिला. साहेबांनी कागद दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. धूर फक्त दुसऱ्यांच्या चिमणीतून निघतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. “असं बाकीच्यांकडेही झालं असेल का?” त्यांनी विचारलं. तिनं सेहेचाळीस नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेन उघडलं.

“ताई?... आहेस ना? एक वर्ष मिळालं... हो, पाचांतून नाव काढलं. अगं, उड्या काय मारतेस! दोन हिस्से कोळसा तुझाच आहे. वर्षानं तो तसाच दिसला, तर नाव मी माझ्या हातानं घालीन. आई मध्ये पडली तरी... हो, भाऊजींना सांग, विजेच्या बॉयलरची चौकशी आजपासून... मला? मला काही नाही. लेखी समज दिली... असू दे गं, मिळायलाच हवी होती. आणि आता बाकीच्या पंचेचाळिसांनाही परत फोन लावायचे, आमच्यापायी काय काय दोनदा केलंत म्हणून... घशाला काय होतंय, आहे तसाच.”

ती फोन ठेवणारच होती, तेवढ्यात ताईनं आणखी काही विचारलं.

“निळा? आत्ता निघाला टाकीतून?... किती फिका?... दारात उजेडात धरून बघ. धरलास?... कुणालाही विचार, निळाच म्हणतंय ना?... मग राहू दे तसाच... नाही, परत नाही रंगवायचा. साहेबांना मी सांगते. लिहून देते, सहीसकट... हो ताई, खरंच. विझवा बॉयलर.”

पलीकडे ताईनं भाऊजींना हाक मारली. ती हाक ऐकल्यावरच तिनं फोन ठेवला.