चौदा पिल्लांची तक्रार मागे घेण्याबाबत

जबाब

नाव: दशरथ जगन्नाथ चुरी, वय ७१ वर्षे, धंदा: रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, रा. मसोली, डहाणू, जि. पालघर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी प्रभा, वय ६७, असे दोघेच राहतो. मुलगी कीर्ती लग्न होऊन वापीला असते. डिसेंबरअखेर मी बँटम जातीची, म्हणजे बुटक्या शोभेच्या कोंबड्यांची, चौदा पिल्लं आणली. मला कोंबड्यांची हौस नाही. प्रभाच्या हाताला काही उद्योग असावा म्हणून आणली. का, ते पुढे सांगतो.

२ जानेवारीपासून पिल्लं मरू लागली. आज एक, परवा दोन. दाणापाणी वेळेवर, ऊबेला बल्ब, जाळी शाबूत. मांजर नाही, मुंगूस नाही. मेलेल्या पिल्लाची लव तेलकट, अंगाला चिकटलेली असायची. १२ तारखेपर्यंत नऊ गेली. माझं डोकं फिरलं.

शेजारी परेश अमृतलाल माच्छी, वय २८, यांच्याकडे चिकूवर औषध मारायचा पंप आहे. चिवचिवाटाने झोपमोड होते म्हणून तो एकदा भिंतीवरून म्हणाला होता, "काका, यांचा रस्सा कधी?" मस्करीच ती. तरी मी १२ तारखेला इथे येऊन, त्याने औषध फवारून पिल्लं मारली, अशी तक्रार दिली. त्याला बोलावून दोन तास बसवलं. "मी नाही केलं," एवढंच तो म्हणाला, असं मला कळलं.

काल, १५ तारखेला, सकाळी ९.३० वाजता मी रोजच्यासारखा बाजाराला निघालो. रोज ११ ला परततो. काल चष्मा राहिला म्हणून ९.५० ला परत आलो. मागच्या मोरीत प्रभा पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर पिल्लू. वाटीत कोमट खोबरेल, बाजूला ऊन पाण्याची बादली, शेगडीवर ओव्याची धुरी. पिल्लाला चोळत ती म्हणत होती, "झालं रे राजा, झालं, रडायचं नाही."

प्रभाने तीस वर्षं रेल्वे कॉलनीत आणि मसोलीत बाळंतिणींना व बाळांना तेल-अंघोळ घातली. तिच्या हातची अंघोळ झाली की पोर दोन-दोन तास उठायचं नाही. मला बघून म्हणाली, "आईला हाक मारा, बाळ निजलं." पिल्लाने मान टाकली होती. मी ते तिच्या हातातून घेतलं.

गुरांच्या डॉक्टरांना दुपारी फोन केला. लवेला तेल लागलं की पिल्लाच्या अंगात ऊब राहत नाही, वर पाणी घातलं तर ते गारठून मरतं, असं त्यांनी सांगितलं.

प्रभाचं हे विसरणं दोन वर्षांपासून आहे; पिल्लं आणली ती त्याचसाठी. डॉक्टरांचे कागद सोबत आणले आहेत. कीर्तीलासुद्धा सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून ती बाहेर पडत नाही, असं लोकांना सांगत आलो. थकलो साहेब आता.

संध्याकाळी परेशकडे गेलो. त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या गच्चीवरून आमची मागची मोरी दिसते. "मग पोलिसांसमोर बोलला का नाहीस, गाढवा?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "काकींचं नाव पोलिसांत सांगू? त्यांनी मला न्हाऊ-माखू घातलंय, काका." मला तिथे बसवेना.

त्याची तलाठी पदावर निवड झाली आहे. चारित्र्य पडताळणी याच ठाण्यात व्हायची आहे. माझ्या एका कागदापायी पोराची नोकरी अडेल. हवालदार साहेब म्हणाले, 'गैरसमजातून तक्रार दिली' एवढं लिहून टाकू. तसं मोघम नको. मोघम लिहिलं तर संशय त्याच्यावरच राहील. पिल्लं माझ्या बायकोच्या हातून गेली, तिचं नाव घालून लिहा. परेशविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. मी त्याची माफी मागितली आहे.

प्रभाला आता घरी एकटी ठेवत नाही, म्हणून ती माझ्याशेजारी बाकावर बसलेली असताना हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. संपल्यावर म्हणाली, "अगंबाई! पिल्लांना तेल लावत नाहीत, त्या बाईला कुणी सांगत कसं नाही?" मी सांगतो म्हणालो. मजकूर मी सांगितला तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.