मोडेमने लावलेला फोन

परवा वायफाय जरा वेळ गेलं म्हणून मुलीने घर डोक्यावर घेतलं, आणि मला माझा जुना मित्र विन्या आठवला.

लालबागच्या आमच्या खोलीत विन्याने माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं होतं. बाकी सगळं चालायचं, फक्त फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मोडेम ढिम्म. कित्येक रविवार आम्ही त्याच्या मागे लागलो होतो. एका दुपारी अखेर मोडेमने नंबर फिरवला, रिंग गेली, आणि मोडेमच्या स्पीकरमधून एका आजींचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

विन्या म्हणाला, "आयला, इंटरनेटवर आजी कुठून आल्या?"

त्यांनी फोन ठेवला. लिनक्सने आपणहून परत लावला.

"अरे बोल ना बाबा, कोण हवंय?"

आम्हाला त्या ऐकू येत होत्या, त्यांना आम्ही नाही. तेव्हा मुंबईतल्या सगळ्या नंबरांपुढे नुकताच दोनचा आकडा लागला होता. इंटरनेटच्या नंबरात तो आधीच होता, तरी विन्याने सवयीने पुढे दुसरा दोन लावला होता, म्हणून फोन भलतीकडे जात होता.

शेवटी विन्याने रिसीव्हर उचलला. "आजी, सॉरी हां. आम्ही नाही, आमचा कॉम्प्युटर फोन लावतोय."

"असू दे रे. दुपारी माझ्याशी बोलायला कोण असतंय? त्याला सांग, मी बरी आहे."

विन्याने नंबर सुधारला आणि इंटरनेट लागलं. आम्ही नाचायचंच काय ते बाकी होतं.

पुढच्या रविवारी मात्र मोडेम सुरू करायच्या आधी विन्याने तो चुकलेला नंबर स्वतःच फिरवला.

आजी म्हणाल्या, "आज कॉम्प्युटरला सुट्टी वाटतं?"