सरकारी मेसेज पुसायचा नसतो

सांगतो तुमाले, डोणगावच्या माह्या मोबाईल दुकानात मले एकदाच रडू आलं, तेही एका मेसेजपायी.

गफूरचाचा आपला जुना बटनाचा फोन घेऊन आले. अंगाले औषधाचा वास. आदल्या दिवशी चाचा-चाचीनं बोंडअळीसाठी तीन एकर बीटी पऱ्हाटी फवारली होती अन् संध्याकाळच्या पावसानं सारं औषध धुऊन नेलं होतं.

"हवामानाचे मेसेज काऊन येऊन नाही राह्यले बे?"

"चाचा, जागा भरली. जुने पुसा, तवाच नवे येतीन."

"पुसू कसे? सरकारी हायेत. उद्या पंचनामा झाला तं पुरावा काय दाखवू?"

लय मिनत्या केल्या, तवा एक पुसू देला. लगेच फोन वाजला. मी मोठ्यानं वाचलं, "दोन दिवस जोरदार पाऊस. कपाशीवर फवारणी करू नये."

"कवाचा हाय?"

"परवाचा."

चाचानं बोटावर दिवस मोजले.

"हा पुरावा ठेवू ना, चाचा?"

"नको. हाच पुस. पंचनाम्यावाले म्हनतीन, तुले तं सांगतलं होतं."