रिकाम्या सीटचं विमान

नाही नाही, ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आधी खोडा, मग पुढचं बोलू. चौकशीला आलात, करा की चौकशी — पण आल्या आल्या निकाल? अहो साहेब, ते विमान माझ्या वयाचं आहे. बटण दाबलं नि झालं सुरू, असलं काही नाही त्यात. पुढे उभं राहून लाकडी पंखा हाताने फिरवायचा, मग इंजिन खोकणार, शिंकणार, आणि मनात आलं तर धरणार. म्हणून दुसरं माणूस आत सीटवर लागतं — पाय ब्रेकवर, हात स्विचवर. बाहेरच्याने ओरडायचं ‘स्विच बंद?’ आतल्याने सांगायचं ‘बंद’, मग पंखा नुसता फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायचं. नंतर ‘चालू?’ — ‘चालू’ — की खरा झटका. आमच्याकडे आतलं माणूस म्हणजे आमची ही. लग्न झाल्यापासून. हसताय काय?

शेपटीला दोर? नव्हता बांधला. ते फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरीने सांगितलं असणार, त्याच्या नव्या गाडीचं थोबाड फुटलंय ना! पण मी म्हणतो, हँगरच्या दारात गाडी लावायला सांगितली कोणी? एवढी मोठी पाटी आहे तिथे. ते नाही लिहिणार तुम्ही. चाकांपुढे ठोकळे लावले होते, ते तरी लिहा — ओल्या गवतात सरकले, त्याला मी काय करू?

तर झालं काय, पहिला झटका वाया गेला. नुसतं फुरफुरून गप्प. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी ओरडलो, ‘स्विच बंद?’ — उत्तर नाही. हो, उत्तर नाही आलं, तरी फिरवला पंखा! डोळे कसले वटारताय, ऐकून घ्या. आमचा अबोला चालू होता. आता अबोल्यात उत्तर कुठून येणार? तिनेच तोड काढली होती — आतून पत्र्यावर ठोकायचं, बंदला एकदा, चालूला दोनदा. पहिल्या वेळी ठोकलं तिने, अगदी व्यवस्थित. या वेळी ठोका नाही, तर मी म्हटलं, झालं, आता बाईसाहेबांनी ठोकणंही सोडलं! आणि आमच्या घरात ती गप्प असली म्हणजे काम झालेलं असतं हो — चहा न बोलता पुढ्यात येतो, शर्टाची गुंडी न बोलता लागते. मला वाटलं, स्विचही न बोलता बंद झाला.

आणि ही सीटवर नव्हतीच! ते विमान उभं राहतं नाक वर करून, समोरून आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. मी पंख्याला हात लावला मात्र, धडधडलंच — मी कसाबसा बाजूला — ठोकळे गेले, आणि आत चिटपाखरू नसलेलं विमान निघालं मैदानात फिरायला. गोल गोल. कुंपण घेतलं, सेक्रेटरीची गाडी घेतली, डाव्या पंखाचं कापड टराटरा फाटलं. शेवटी हीच धावली मागून, चपला टाकून, या वयात. वर चढली, आत हात घातला, स्विच बंद केला. मी? मी गवतात बसलो होतो.

का म्हणजे? बसलो. माणसाने बसू नये का? तुम्ही मुद्द्याचं लिहा — चूक तिची आहे, साफ तिची. स्विच चालू टाकून सीट सोडायची नाही, हे तिला मी सांगायला हवं? उतरली कशाला पण? मला तेच उमगत नाही. रागाने उतरायची ती नव्हे, भांडण घरात आणि विमान विमानाच्या जागी, हे तिचंच म्हणणं. पहिल्या झटक्यानंतर मी जरा विमानाच्या नाकाला धरून उभा होतो, फार नाही, अंधारी ओसरेपर्यंत — तिने बाजूने मान काढून बघितलं असणार, की याचं पुन्हा जिन्यातल्यासारखंच —

मला धरायला उतरली होती ती.

जिना? कुठला जिना? मी नाही म्हणालो जिना. अबोला कशावरून म्हणजे — नवराबायकोचा अबोला कशावरूनही होतो! डॉक्टरला सांगा, डॉक्टरला सांगा, तिचं एकच टुमणं. सांगितलं की तो लायसन्स काढून घेणार, मग मी काय उरलेला जन्म कुंड्यांना पाणी घालू? — साहेब, हे लिहू नका. एवढं मात्र नका लिहू. हात जोडतो.

काय लिहिलंत तिच्याबद्दल? वाचा. — ‘सीट सोडली.’ एवढंच?

म्हणजे उद्या सगळा क्लब म्हणणार, म्हातारी स्विच चालू टाकून उतरली. आणि ती ऐकून घेईल, एका शब्दाने सांगणार नाही कुणाला, मला ठाऊक आहे ती.

का सोडली, तेही लिहा. नवऱ्याला चक्कर आली म्हणून. हो, आधीही आली होती. दोनदा. लिहा म्हणतोय ना! — झालं? मग उठा आता. आणि जाताना हिला आत पाठवा.