रुखवतातला मोर

सिरसाळ्यात एक होती सासू आन एक होती सून. सासू मी, सून आमची रेखा. नातीच्या रुखवतासाठी दाराएवढ्या मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याचा मोर भरायला घेतला. मी पिसाऱ्याकडून, ती चोचीकडून. ती पुस्तकात बघून घरं मोजी. मी अडाणी, वीस घरं झाली की ज्वारीचा एक दाणा बाजूला ठेवी. लगीन आठ दिवसांवर आलं, आन मोराची मान धडाला जुळंना!

रेखा मला म्हणली, "आत्या, तुमचंच चुकलं."

"मग मोज की."

तिनं तीनदा मोजलं. "अगं बया, माझीच दोन घरं जास्त हायती!"

मान उसवली, परत भरली. रुखवत बघताना नवऱ्याकडच्या बायांनी विचारलं, "कुठल्या क्लासात शिकलात?"

रेखा ठसक्यात म्हणली, "आमच्या आत्याच्या!"

तवा क्लास कुठला? आज आमच्या ओसरीत अकरा पोरी शिकायला बसत्यात.