खंडेनवमीचं पाणी

न्हाई मिस्त्री, डिझेल हाय, टाकी भरल्याली हाय — सकाळीच काडी घालून बघितलीया मी. नळीतली हवा बी काढली, श्रीपती काढायचा तशीच, नट ढिला करून बुडबुडं थांबस्तवर. त्याचं बघून बघून तेवढं येतंय मला, पुढचं न्हाई येत, म्हून तर लोनावळ्यास्नं तुमाला बोलावलं. अजून एकडाव हँडल मारा की. दोघं मिळून मारू, मी हिकडनं धरतो. चाक फिरंना म्हनता — व्हय, अर्धं फिरतंय आन् अडतंय, चार दिस झालं तितंच अडतंय. पन तुमी मिस्त्री हाय ना, तुमच्या हाताला यश असंल. पानी वर चढलं न्हाई तरी चालंल, निसता आवाज निघू द्या. फाट्यावर ऐकू गेला म्हंजी झालं.

फाट्यावर कोन? आमची हिरा हाय, श्रीपतीची बायको. श्रीपती म्हंजी माझा धाकटा भाऊ — ह्ये इंजिन त्याचंच. धरनाचं काम चाललं व्हतं तवा तितल्या पंपावर ऱ्हायला व्हता त्यो, तितं शिकला आन् मोडकं इंजिन आनून हितं नदीवर बसवलं. औंदा आषाढात बांधावर पान लागलं त्याला, साप चावला. दवाखान्यात न्हेईस्तवर खेळ खलास. आता हिराचा भाऊ आलाय परंदवडीस्नं, सखाराम, तिला आन् चिंगीला न्यायला. दोनाच्या कामशेत गाडीनं जानार. चिंगी चार वरसाची हाय, बापावानी चालती, वाकडं पाऊल टाकीत. ती पोर गेली ना मिस्त्री, तर माझ्या भावाचं काय उरलं घरात?

का जातीया म्हनजी? ते वरचं खाचर बघा, तिच्या वाटनीचं. भात निसवलंय, दाना भरायच्या टायमाला हस्ताच्या पावसानं दगा दिला. चार दिसांत पानी न्हाई मिळालं तर निसती पळंज हाती यायची, दान्याबिगर फोलकटं. मंग हितं काय खानार ती — म्हून जातीया. दुसरं काय? दुसरं काय न्हाई. तुमी ते वरचं उघडताय व्हय? उघडा, उघडा. तितं काय असंल तर... ह्ये काय? पानी?

न्हाई हो, तांबडं दिसतंय, चिखल असंल. कुनीतरी घातला असंल. मी पयल्या दिशीच म्हनलं व्हतं ना — दसऱ्याला सखाराम आलता तवा हितंच बिडी वडत बसला व्हता, इंजिनापाशी. बहीन हितं ऱ्हाऊ नये असं त्याच्या मनात पयल्यापास्नं हाय. देवळाम्होरं म्हनलं मी, चार मान्सांत, की सखारामानं घात केला. उगं न्हाई म्हनलं. इंजिन आदल्या दिशी चांगलं चालल्यालं, मधी धा हात लागलं न्हाईत, मंग बिघडलं कशानं?

गंज हाय म्हनता. पानी वरनं आत गेलं, आन् पाच दिस बसून ऱ्हायलं. म्हंजी खंडेनवमीपास्नं.

खंडेनवमीला मी धुतलं त्याला. आता आयुध धुतल्याबिगर कसं पुजायचं? वरीसभर घरात सन न्हाई, पन पूजा चुकवायची न्हाई म्हनलं, श्रीपतीनं कंदी चुकवली न्हाई. नांगर धुतला, कोयता धुतला, मंग हितं आलो. त्यो हवेचा डबा काढला, मंग दोन घागरी वतल्या वरनं. डबा राखेनं घासला, चांदीवानी केला. हळदकुकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पानी बी वतलं — मला रडू आलं मिस्त्री, खोटं कशाला सांगू. श्रीपती बी असंच धुवायचा, घागरीनं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मंग त्याचं कसं बिघडत नव्हतं?

बोळा? कसला बोळा? डबा काढला की तोंड उघडं पडतं, त्याला बोळा मारून धुवायचं... त्यो खुट्टीला हाय त्यो? दोरी बांधल्याला, तेलकट? त्यो बोळा हाय? मला वाटलं हात पुसायचं फडकं. मी त्यानंच इंजिन पुसलं.

जरा बसतो. न्हाई, पानी नको. तुमी म्हनता हेड उतरवायला लागंल, सामान पुन्यास्नं आनायला लागंल, आठ दिस. आठ दिसांनी भाताला पानी देऊन काय करू? पन भाताचं ऱ्हाऊ द्या. भातासाठी न्हाई जात ती. आठ वरसं झाली लगीन होऊन, माझ्याम्होरं कंदी बोलली न्हाई हिरा, काय सांगायचं ते माझ्या बायकोकडनं, रतनबाईकडनं, दाराआडनं. काल अंगनात आली सवता. पदर डोक्यावर, आन् म्हनली, "भावजी, इंजिन बंद ऱ्हायलं तरी चालंल. मी मजुरी करीन. माझ्या दादाचं नाव तेवढं मागं घ्या." मी म्हनलं, मिस्त्री येऊ दे, बघू. असं म्हनलो मी. घेतलं न्हाई मागं.

आता जाऊन सांगू? तुमाला सोपं वाटतंय. चढ हाय म्हून न्हाई, चढ चढंन मी. पन सखाराम तितं बसला असंल, फाट्यावरची मान्सं असतील, त्यांच्याम्होरं काय तोंडानं सांगू, की मीच वतलं? माझ्या हातानं? थोरला हाय मी घरातला. तवा वाटलं, इंजिन सुरू झालं तर बोलायचं कामच पडनार न्हाई — आवाज ऐकून ती आपसूक उतरंल खाली. एकडाव मारा ना हँडल. तुमच्या पाया पडतो. अडलं तरी मारा.

थांबा. गाडी आली वाटतं. धूळ दिसतीया. मिस्त्री, तुमची नदर चांगली हाय, बघा जरा — थांबली का? थांबली. बाई हाय का तितं, पोरगी कडंवर? सामान वर चढवत्यात. मागं वळून बघती का हिकडं? तुमी सांगा ना, बघती का? न्हाई?

बरं.

गेली. ऱ्हाऊ द्या ते हँडल, कशाला मारताय आता. हत्यारं भरा तुमची. तुमाला सांजच्याला गाडी हाय. जावा.