नवसाच्या बोकडाचा कान

योगिनी: आजी, दार लाव लवकर!

सत्यभामाबाई: लावते, बापा. घरात तीन कुत्रे, मांजरी, एक लंगडं गाढव. आता बोकडाचीच कमी होती. कोणाचा उचलून आणला व?

योगिनी: आमचाच हाय, बाळ्या. येत्या मंगळवारी त्याले मरीमायपुढं कापतेत. मले डेंगू झाला तवा आईनं नवस बोलला होता.

सत्यभामाबाई: वा! सलाईन लावली चिखलीच्या डॉक्टरनं अन् मान देणार बोकड. त्यानं कोणाले काही कबूल केलं होतं काय?

योगिनी: हासू नको न आजी! मी वाचली म्हणून तो मरते. मले घास गियत नाही.

सत्यभामाबाई: रडू नको. अन् पदर सोडव माया त्याच्या तोंडातून.

योगिनी: तू सांग न आईले.

सत्यभामाबाई: मी? गाव मले येडी भामी म्हणते, अन् तुई आई त्यात सगळ्यायच्या पुढं.

योगिनी: नवसाले धड बोकड लागते. वामनकाकाचा बोकड मरीमायच्या भगतानं वापस पाठवला, शिंग मोडेल होतं म्हणून.

सत्यभामाबाई: बाप्पा! तुया आत्याले नवरा पाहाले गेले, तवा तं एवढं नव्हतं पाह्यलं कोणी.

योगिनी: आजी... याच्या कानाचं टोक कापलं तं?

सत्यभामाबाई: चूप बस!

योगिनी: तू कुत्र्यायच्या जखमा शिवते. तुले येते.

सत्यभामाबाई: शिवता येते, पोट्टे. कापणं नाही होत मायाच्यानं. मुंगीवर पाय पडला तं मले झोप येत नाही.

योगिनी: मंग मंगळवारी पाहाले येजो.

सत्यभामाबाई: ...लय तिखट जीभ हाय तुई. चुलीवर पाणी ठेव. कैची उकळून घे. अन् घट्ट धर त्याले, त्याच्या डोळ्याईकडं पाहू नको.

(बोकडाचं ओरडणं. मग दारावर थापा.)

सारिका: योगे! उघड... अगं माय, याचा कान! कोणं केलं हे?

योगिनी: आई, मीच म्हणलं...

सत्यभामाबाई: मी कापला, सारिका. येडी आहो न मी?

सारिका: नवसाचा होता तो, मामी! आता मरीमाय कोपली अन् माया पोरीले काही झालं तं?

सत्यभामाबाई: पोरीले काऊन होईन? मायले माया घरचा पत्ता दे. म्हण, भामीनं कापला, काय कोपायचं ते तिच्यावर कोप.

सारिका: ...सरका तिकडं. रक्त थांबलं नाही त्याचं अजून. आणा ती हळद इकडं.